त्रेचाळीस पर्यायांची ओळ तीनवर आणताना

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी आणि दारव्हा यांच्या मधल्या एका गावात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या या ‘क’ वर्गाच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वर्तमानपत्रांच्या टेबलामागच्या खोलीत एक जुना संगणक दिवसरात्र सुरू असतो. त्याच्यावर पुस्तकांची यादी आहे आणि गावातल्या तरुणांनी वर्षानुवर्षे काढलेल्या हस्तलिखित अंकांची स्कॅन केलेली पाने आहेत. ही पाने जगापुढे ठेवणारा अपाची वेब सर्व्हर २०११ साली गावातल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सोर्सवरून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरातून, बांधून बसवून दिला आणि पुढे तो नोकरीसाठी बाहेर गेला. तेरा वर्षे सर्व्हर चालला. तो नव्याने बांधण्याची वेळ आली तेव्हा हे काम मला झेपेल असे मला वाटत नव्हते. फेब्रुवारी ते जून २०२४ या काळात ते पार पडले. माझ्यासारख्या कुणावर अशी वेळ आली तर त्याचे काही दिवस वाचावेत, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे. आज्ञा आणि पर्याय मी येथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीतच टंकावे लागतात.

१४ फेब्रुवारीला पुण्यात शिकणाऱ्या गावातल्या एका मुलीचा फोन आला. तिच्या आजोबांनी लिहिलेला लेख तिला मैत्रिणींना दाखवायचा होता, पण पान उघडताना ब्राउझर आधी ‘असुरक्षित’ असा इशारा देत होता. कारण मला ठाऊक होते. आमचा अपाची २.२ शाखेचा होता आणि त्याच्यासोबतचे ओपनएसएसएल, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर, इतके जुने होते की त्याला टीएलएस १.२ ही कूटबद्ध जोडणीची पद्धत येत नव्हती, ती ओपनएसएसएलच्या १.०.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, मिळू लागली. २०२० च्या सुमारास ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ यांचा आधार काढून घेतला, तेव्हापासून आम्ही साध्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीवरच पाने देत होतो. शिवाय २०१७ नंतर २.२ शाखेच्या नव्या आवृत्त्या येणेही थांबले होते. इतकी वर्षे मी हे पुढे ढकलत आले होते. त्या फोननंतर ढकलावेसे वाटले नाही.

२० फेब्रुवारीच्या कार्यकारिणीच्या सभेत मी लेखी अर्ज ठेवला. त्यात दोन मागण्या होत्या: नवी लिनक्स बसवण्यासाठी एक एसएसडी आणि यूपीएसची नवी बॅटरी. ठराव झाला, पण तीन दरपत्रके आणल्याशिवाय खरेदी करता येणार नव्हती. दोन दरपत्रके यवतमाळहून लगेच मिळाली आणि तिसऱ्यासाठी मार्च उजाडला. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. वाचनालयाचे कार्यवाह शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांना निवडणुकीची ड्यूटी लागली होती. ते म्हणाले, “ताई, आता जूनपर्यंत कोणत्याच कागदावर सही करून नाही राहिलो मी. तोवर तुम्ही तयारी करून ठेवा.” खरेदी सहा जूनपर्यंत थांबली. तेव्हा मन खट्टू झाले होते, पण पुढचे सगळे काम त्या अडीच महिन्यांत शिकता आले.

तयारीचा पहिला भाग वाचनाचा होता. अपाची सोर्सवरून बांधला असेल तर तो कोणत्या पर्यायांनी बांधला, याची नोंद त्याच्याच फोल्डरमध्ये राहते. स्थापनेच्या जागी ‘बिल्ड’ नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात ‘कॉन्फिग.नाइस’ ही फाइल असते. कुणी सोडून गेलेला सर्व्हर तुमच्या गळ्यात पडला असेल तर सर्वांत आधी ही फाइल उघडा. मी ती छापली. बांधणीची तयारी करणाऱ्या ‘कॉन्फिगर’ या आज्ञेपुढे त्रेचाळीस पर्याय होते आणि एकासमोरही कारण लिहिलेले नव्हते. कागद टेबलावर काचेखाली ठेवला आणि वाचक नसतील तेव्हा एकेका पर्यायापुढे पेन्सिलीने ‘हा कशाला?’ याचे उत्तर लिहू लागले. दिवसाला दोन-तीन उत्तरे सापडत. संपायला तीन आठवडे लागले.

येथे थोडे थांबून सांगते, कारण ही ओळ इतकी लांब का होती हे कळल्याशिवाय ती तोडण्याचे धैर्य येत नाही. अपाचीचे बहुतेक काम मॉड्यूल करतात: पत्ता बदलून देणारे एक, पान दाबून लहान करणारे दुसरे, कूटबद्ध जोडणी सांभाळणारे तिसरे. मॉड्यूल दोन प्रकारे बांधता येते. ते सर्व्हरच्या मुख्य फाइलमध्येच कायमचे मिसळून टाकता येते, किंवा वेगळी फाइल म्हणून बांधून हवे तेव्हा जोडता येते. २.२ च्या काळात काहीच सांगितले नाही तर एक ठरावीक संच मुख्य फाइलमध्ये मिसळला जाई आणि बाकीची मॉड्यूल बांधलीच जात नसत. म्हणून ज्याला वेगळी मॉड्यूल हवी असत, त्याला एकेकाचे नाव घेऊन ‘हे बांध, आणि वेगळे बांध’ असे सांगावे लागे. त्या विद्यार्थ्याची ओळ त्याच्या काळाला धरून बरोबर होती.

२.४ शाखा २०१२ साली आली आणि तिने हे उलटे केले. आता काहीच सांगितले नाही तरी ‘मोस्ट’ या नावाचा संच, म्हणजे बहुसंख्य मॉड्यूल, आपोआप बांधला जातो आणि प्रत्येक मॉड्यूल वेगळ्या फाइलमध्ये बांधले जाते. पण बांधले म्हणून ते सुरू होत नाही. ‘एचटीटीपीडी.कॉन्फ’ या फाइलमध्ये प्रत्येकासाठी एक ‘लोडमॉड्यूल’ ओळ असते; थोड्या मूलभूत मॉड्यूलच्या ओळी उघड्या असतात आणि बाकीच्यांपुढे चिन्ह लावून त्या झाकलेल्या असतात. काय बांधायचे आणि काय चालवायचे हे दोन निर्णय पूर्वी एकाच ओळीत घ्यावे लागत, ते आता वेगळे झाले आहेत. मला हे उमगायला दोन आठवडे गेले. उमगले त्या दिवशी कागदावरचे निम्म्याहून अधिक पर्याय मी एका बैठकीत खोडले.

पेन्सिलीचा हिशेब शेवटी असा जुळला. २६ पर्याय अशा मॉड्यूलचे होते, जी नव्या शाखेत न सांगताही बांधली जातात. ५ पर्याय फोल्डरांच्या जागा सांगणारे होते आणि त्या जागा मूळच्याच होत्या. अपाची एरवीही ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’खाली ‘अपाची२’ या फोल्डरातच बसतो. ४ पर्याय मेलेले होते. ‘मेम-कॅश’, ‘ऑथएन-डिफॉल्ट’ आणि ‘ऑथझेड-डिफॉल्ट’ ही मॉड्यूल २.४ मधून काढून टाकली आहेत आणि ‘डिस्क-कॅश’चे नाव बदलून ‘कॅश-डिस्क’ झाले आहे. आणखी ५ पर्याय एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती यादी) आणि एसयूएक्झेक (प्रोग्राम दुसऱ्या खात्याने चालवणे) यांच्याशी संबंधित होते आणि ते आमच्याकडे कधी वापरलेच गेले नव्हते. मग उरले तीन: ‘प्रीफोर्क’ची निवड, एसएसएल (कूटबद्ध जोडणी) आणि डिफ्लेट (पान दाबून लहान करणे).

प्रीफोर्कचे कारण पीएचपी होते. आमची पुस्तकांची यादी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली आहे आणि पीएचपी अपाचीच्या पोटात मॉड्यूल म्हणून बसवले होते. ते तसे बसवायचे तर प्रत्येक विनंतीला वेगळी प्रक्रिया देणारी प्रीफोर्क पद्धतच सुरक्षित. २.४ मध्ये लिनक्सवर काही न सांगता ‘इव्हेंट’ पद्धत निवडली जाते. तिच्यासोबत साधे पीएचपी मॉड्यूल जोडले तर ते थ्रेडसाठी (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामांसाठी) बांधलेले नाही असे सांगून अपाची सुरूच होत नाही. पीएचपी वेगळ्या एफपीएम सेवेत चालवून ‘प्रॉक्सी-एफसीजीआय’ मॉड्यूलने जोडले की हा प्रश्न मिटतो आणि प्रीफोर्कचा पर्यायही लागत नाही. मी तसेच केले. जुन्या ओळीतला एक पर्याय तोडण्यासाठी कधी कधी शेजारची एक व्यवस्था बदलावी लागते, हे धरून चालावे.

अमरावतीला संगणक अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा रंगपंचमीनंतर घरी आला होता. कागद पाहून तो म्हणाला, “मावशी, एवढं कायले डोकं लावून राहिली? ‘रिअलीऑल’ लिही आणि सगळंच बांधून टाक.” त्याचा हेतू चांगला होता, पण मी ते केले नाही. ‘ऑल’ हा संच ‘मोस्ट’पेक्षा मोठा असतो आणि ‘रिअलीऑल’मध्ये अपाचीच्या विकसकांनी चाचणीसाठी आणि उदाहरणादाखल लिहिलेली मॉड्यूलही येतात. चालत्या सर्व्हरवर त्यांचे काहीच काम नसते. दुसऱ्या टोकाला ‘फ्यू’ हा लहान संच आहे आणि ‘नन’ही आहे. जितके कमी बांधाल तितके सुरक्षित, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मला तो आजच्या मांडणीत अर्धाच पटतो. ज्या मॉड्यूलची लोडमॉड्यूल ओळ झाकलेली आहे ते सर्व्हरच्या प्रक्रियेत शिरतच नाही. ते डिस्कवर थोडी जागा अडवते, एवढेच. उलट ‘नन’पासून सुरुवात करून हवे ते एकेक जोडत जायचे ठरवले तर तीच लांब ओळ पुन्हा लिहावी लागते, आणि मी तर ती टाळायलाच निघाले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २.४.५९ ही आवृत्ती आली. ती, आणि तिच्यासोबत एपीआर व एपीआर-युटिल ही, अपाचीला लागणाऱ्या तयार कोडची, दोन सहायक ग्रंथालये, मी आर्णीला एका ओळखीच्या सेवा केंद्रावर पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतली, कारण आमच्याकडे दुपारी जोडणी फार तुटते. खर्च जाण्यायेण्याच्या भाड्यासह १४० रुपये आला. उतरवलेल्या फाइलचा शा२५६ अंक, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, अपाचीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या अंकाशी जुळवून घ्या. माझी पहिली फाइल अर्धवट उतरली होती आणि ते याच पडताळणीत कळले.

मे महिन्यात गावातल्या शाळेची संगणक खोली मिळाली. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून खोली रिकामी होती. मुख्याध्यापकांना रीतसर पत्र दिले, चावी शिपायाकडून सही करून घ्यायची आणि दुपारी एकच्या आत परत करायची, असे ठरले. तेथल्या संगणकावर डेबियन कुळातली लिनक्स आहे आणि वाचनालयाच्या नव्या डिस्कवर मी रेड हॅट कुळातली बसवणार होते. कुणी विचारेल की मग दोन्हीकडे तयार पॅकेजच का घेतले नाही. तुमच्याकडे एकच संगणक असेल तर खुशाल पॅकेज घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळतात आणि हे सगळे श्रम वाचतात. पण आम्हाला शाळेचा संगणक राखीव म्हणून ठेवायचा होता आणि या दोन कुळांत अपाचीच्या फाइलींची मांडणी, नावे आणि मॉड्यूल उघडण्याची रीत वेगवेगळी आहे. सोर्सवरून बांधले की दोन्हीकडे फोल्डर एकसारखे आणि कॉन्फ फाइल तीच. माझ्यामागे जो कुणी हे पाहील त्याला एकच गोष्ट शिकावी लागेल.

८ मे रोजी सकाळी सात वाजता पहिला प्रयत्न केला. मुद्दाम जुनी ओळ, तिच्यातले एसएसएल आणि एलडॅप यांचे पर्याय तेवढे वगळून, तशीच दिली, कारण काय मोडते ते पाहायचे होते. एपीआर सापडत नाही असे सांगून कॉन्फिगर लगेच थांबले. २.२ सोबत एपीआर येत असे, २.४ च्या गठ्ठ्यात ते नसते. दोन्ही सहायक ग्रंथालये अपाचीच्या ‘एसआरसीलिब’ फोल्डरात ‘एपीआर’ आणि ‘एपीआर-युटिल’ या नेमक्या नावांनी ठेवावी लागतात. फोल्डरच्या नावापुढे आवृत्तीचा अंक राहिला तर ती सापडत नाहीत. माझा एक तास त्यातच गेला. मग ‘--विथ-इन्क्लुडेड-एपीआर’ हा पर्याय द्यायचा. त्यानंतर पीसीआरई हे आणखी एक सहायक ग्रंथालय नाही म्हणून पुन्हा थांबले. तेही पूर्वी सोबत यायचे, आता लिनक्समधून वेगळे बसवायचे. तिसऱ्या वेळी कॉन्फिगर शेवटपर्यंत गेले आणि मेलेल्या चार पर्यायांबद्दल ‘हे ओळखता येत नाहीत’ असा एक इशारा देऊन संपले. इशाऱ्याने काम थांबत नाही. म्हणूनच असे पर्याय वर्षानुवर्षे ओळीत राहून जातात.

मग प्रत्यक्ष बांधणी करणारी ‘मेक’ ही आज्ञा दिली आणि काही मिनिटांत ‘एक्सपॅट’ या ग्रंथालयाची ‘एक्सपॅट.एच’ ही फाइल नाही म्हणून बांधणी तुटली. एपीआर-युटिलच्या १.६ या आवृत्तीपासून एक्सपॅटही सोबत येत नाही. कॉन्फिगर येथे अडवत नाही, मेक अडवते, म्हणून ते आधीच बसवून ठेवावे. दुसऱ्या दिवशी, ९ मे रोजी, बांधणी अर्ध्यावर असताना लाइन गेली. शाळेचा इन्व्हर्टर फक्त कार्यालयापुरता आहे. लाइन आल्यावर मेक पुन्हा दिले तर ते राहिलेल्या जागेपासून पुढे गेले आणि मला आनंद झाला, पण शेवटी जोडणीच्या टप्प्यावर एक फाइल कापलेली असल्याची चूक आली. वीज जाताना जी फाइल लिहिली जात होती ती रिकामीच राहिली होती आणि मेकला ती तयार वाटली. असे झाले तर शोधत बसू नका, ‘मेक क्लीन’ करून पुन्हा सुरू करा. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी दहाच्या आत वीज त्यातल्या त्यात टिकते. त्या जुन्या संगणकावर पूर्ण बांधणीला पंचवीस मिनिटे लागत. नंतर मी साडेसातच्या आत मेक सुरू करू लागले.

१३ मे रोजी मी दुसऱ्या टोकाला गेले. एपीआरचा तो एक पर्याय ठेवला आणि बाकी सारे मूळ निवडीवर सोडले. कॉन्फिगर नीट, मेक नीट, ‘मेक इन्स्टॉल’ नीट. पडद्यावर चूक म्हणून एक ओळ आली नाही. घरी जाऊन मी कार्यवाहांना फोन करून काम झाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी कॉन्फ फाइल तपासायला ‘एचटीटीपीडी’ या अपाचीच्या मुख्य प्रोग्रामला वजा टी देऊन पाहिले, तर ‘एसएसएलइंजिन’ ही आज्ञा अनोळखी आहे, ती लिहिताना चुकली असावी किंवा ती देणारे मॉड्यूल सर्व्हरमध्ये नसावे, असे उत्तर आले. मॉड्यूलच्या फोल्डरात ‘मॉड_एसएसएल’ची फाइलच नव्हती. ज्यासाठी हे सगळे मांडले होते नेमके तेच बांधले गेले नव्हते, आणि कुणी मला तसे सांगितले नव्हते.

मी तेथेच खुर्चीत बसून राहिले. खोलीत पंखा गरम हवा फेकत होता आणि शिपाई चावीसाठी दारात येऊन उभा होता. त्याला दहा मिनिटे मागून मी कॉन्फिगरचे सगळे निकाल एका फाइलमध्ये घेतले आणि त्यात ‘एसएसएल’ शोधले. शेकडो ओळींच्या मध्ये एक ओळ होती: ‘मॉड_एसएसएल चालू करावे का, हे तपासत आहे... नाही.’

कारण असे. संगणकावर ओपनएसएसएल होते, पण त्याच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्यासोबत दुसरा प्रोग्राम बांधताना लागणाऱ्या फाइली, नव्हत्या. डेबियन कुळात त्या ‘लिबएसएसएल-डेव्ह’ या पॅकेजमध्ये येतात आणि रेड हॅट कुळात ‘ओपनएसएसएल-डेव्हल’मध्ये. मूळ निवडीतल्या एखाद्या मॉड्यूलला लागणारे बाहेरचे साहित्य नसेल तर कॉन्फिगर ते मॉड्यूल गुपचूप वगळते आणि पुढे जाते. त्यात खोट नाही; ज्यांना ते मॉड्यूल नको आहे त्यांची बांधणी विनाकारण अडू नये, हाच त्याचा उद्देश आहे. पण तुम्ही स्वतः नाव घेऊन ‘--इनेबल-एसएसएल’ म्हणालात, की त्याची वागणूक बदलते. मग साहित्य नसेल तर ‘हे मॉड्यूल मागितले आहे पण पूर्वअटी पुऱ्या न झाल्याने बांधता येत नाही’ असे सांगून ते जागीच थांबते. मी हेडर फाइली न बसवता मुद्दाम तसे करून पाहिले आणि खरोखर ते थांबले. ती चूक पाहून बरे वाटले.

ओळीत काय ठेवायचे याची कसोटी मला त्या दिवशी मिळाली. ज्या मॉड्यूलशिवाय आपले काम चालणार नाही आणि जे बाहेरच्या ग्रंथालयावर अवलंबून आहे, त्याचे नाव घ्यायचे. एसएसएल ओपनएसएसएलवर अवलंबून आहे, डिफ्लेट झेडलिबवर. हस्तलिखितांच्या पानांसोबतचा टंकलिखित मजकूर दाबून पाठवला नाही तर गावातल्या मोबाइलवर तो फार सावकाश उघडतो, म्हणून डिफ्लेट आमच्यासाठी अत्यावश्यक आहे. ‘रीराइट’ किंवा ‘प्रॉक्सी-एफसीजीआय’ही आम्हाला हवेत, पण त्यांना बाहेरचे काही लागत नाही, ते ‘मोस्ट’मध्ये येतातच, नाव घेण्याची गरज नाही. शेवटची ओळ अशी ठरली: ‘--विथ-इन्क्लुडेड-एपीआर --इनेबल-एसएसएल --इनेबल-डिफ्लेट’. तीन पर्याय. प्रत्येकाचे कारण मी एकेका वाक्यात लिहून ती फाइल सोर्सच्या फोल्डरशेजारी ठेवली आहे.

२० मे रोजी शाळेच्या संगणकावर ही बांधणी पूर्ण झाली. त्यानंतरचे चार दिवस कॉन्फ फाइलमध्ये गेले, कारण दुसरा निर्णय, काय चालवायचे हा, तेथे घ्यावा लागतो. ‘युनिक्सडी’ची ओळ मी चुकून झाकली तर ‘यूझर’ ही साधी आज्ञाही अनोळखी ठरली. एसएसएल उघडले तर त्याच्या सत्रांच्या साठ्यासाठी ‘सोकॅश_एसएचएमसीबी’ उघडावे लागले. ते कोणते मॉड्यूल हवे हे अपाचीने चुकीच्या संदेशातच सुचवले होते, म्हणून संदेश शेवटपर्यंत वाचावा. डिफ्लेटसोबत ‘फिल्टर’ लागले, कारण फाइलच्या प्रकारानुसार दाबण्याची आज्ञा २.४ मध्ये त्या मॉड्यूलकडे गेली आहे. जुन्या फाइलमधल्या ‘ऑर्डर’ आणि ‘अलाउ’ या ओळी चालाव्यात म्हणून ‘ॲक्सेस_कॉम्पॅट’ नावाचे मॉड्यूल मिळते. ते न उघडता मी अकरा ठिकाणी त्या ओळी काढून ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहिले. जुनी आणि नवी भाषा एका फाइलमध्ये मिसळली तर कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही याचा भरवसा राहत नाही. अर्धा दिवस जास्त गेला तरी हे करावे, असे माझे मत आहे.

सहा जूनला आचारसंहिता संपली. सात तारखेला कार्यवाहांनी सही केली. ११ जूनला मी यवतमाळला जाऊन एसएसडी २,४५० रुपयांना आणि बॅटरी १,१०० रुपयांना घेतली, दोन्हीची जीएसटीची बिले. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एसएसडी चढवताना ‘त्यावर काय बसवले’ या रकान्यात अपाचीची आवृत्ती आणि ती तीन पर्यायांची ओळ लिहिली. ती रकान्यात मावली. लेखापरीक्षकांनी कधी विचारलेच तर सर्व्हर कसा उभा आहे हे कागदावरही सापडेल.

१५ जूनच्या शनिवारी पहिला पाऊस होऊन गेला होता आणि गावात सगळे पेरणीच्या गडबडीत होते, त्यामुळे वाचनालयात शांतता होती. नव्या डिस्कवर कॉन्फिगर सुरू केले आणि ते एसएसएलपाशी थांबले: रेड हॅट कुळातले हेडरचे पॅकेज मी बसवायला विसरले होते. या वेळी दोन मिनिटांत कळले. बांधणी झाल्यावर दोन्ही संगणकांवरच्या मॉड्यूलच्या फोल्डरांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. एक फरक निघाला. शाळेत ‘एचटीटीपी२’ बांधले गेले होते, आमच्याकडे नाही, कारण त्याला लागणारे एनजीएचटीटीपी२ शाळेच्या संगणकावर पूर्वीच कुणी बसवले होते. मूळ निवड त्या त्या संगणकावरच्या साहित्यावर ठरते, म्हणून दोन ठिकाणी ती हुबेहूब सारखी असेलच असे नाही. ते मॉड्यूल आम्ही कुठेच उघडत नसल्याने मी फरक तसाच राहू दिला. वजा एम देऊन मिळणारी चालू मॉड्यूलची यादी मात्र दोन्हीकडे ओळ न ओळ सारखी असलीच पाहिजे, आणि ती तशी होती.

लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र १७ जूनला घेतले. ते ९० दिवसांचे होते, म्हणून त्याच्या नूतनीकरणाची आज्ञा वेळापत्रकात टाकून ठेवली. १८ जूनला संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करून नवा सुरू केला आणि पुण्याच्या त्या मुलीला पत्ता पाठवला. पंधरा मिनिटांनी तिने पडद्याचा फोटो पाठवला. तिच्या आजोबांच्या अक्षरातले पान, आणि वरच्या पट्टीत कुठलाही इशारा नाही.

जुलैत २.४.६२ आली तेव्हा पहिल्यांदा नूतनीकरण केले. एपीआरची दोन फोल्डर नव्या सोर्समध्ये ठेवली, जुन्या बांधणीची ‘कॉन्फिग.नाइस’ तेथे आणून चालवली, मग मेक आणि मेक इन्स्टॉल. इन्स्टॉल आपली चालू कॉन्फ फाइल पुसत नाही. नव्या आवृत्तीची मूळ प्रत ‘कॉन्फ’मधल्या ‘ओरिजिनल’ फोल्डरात ठेवते, तिच्याशी आपली फाइल एकदा ताडून पाहावी. कंपाइल चालू असताना मी दोन वाचकांना पुस्तके बदलून दिली. सुरुवातीपासून सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत अडतीस मिनिटे लागली. चालू मॉड्यूलची यादी आधीच्या यादीशी ताडली, फरक नव्हता. रजिस्टरमध्ये आवृत्तीचा अंक बदलून कार्यवाहांची सही घेतली; पर्यायांची ओळ तीच राहिली.